माशा मारत बसलेला माणूस

ठाकूरद्वारला जिन्याखाली माझं दुकान, तीन बाय पाच.
मोबाइल आले तशी लोकांची मनगटं मोकळी झाली
आणि समोरचा तपकीरवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला,
पाठारे? बसलेत माशा मारत.

आता खरंच तोच धंदा आहे.
फक्त मारत नाही,
बांधतो.

झालं असं की केरसी दारूवाला घड्याळ घेऊन आले.
काचेच्या आत पाणी, काटे सहा दहावर.
म्हणाले, नदीत पडला मी, तीर्थनमध्ये,
ट्राउट सुटली नि हे बंद पडलं.
ट्राउट कोण, मला माहीत नव्हतं.
आमच्या ताटात रावस, घोळ, सणासारखी कधी मुडदुशी.
मागचं झाकण उघडलं.
चाकाच्या दातात वाळूचा एक कण, निळसर.
चिमट्यानं उचलून पुडीत बांधला
आणि सवयीनं वर लिहिलं: सुटा भाग.

दारूवाला माझ्या बोटांकडे बघत होते.
पुढच्या खेपेला त्यांनी गळ आणले,
तांदळाच्या कणीएवढे,
आणि एक चावलेली, विस्कटलेली माशी:
हिच्यासारखी जमेल?

नळबाजारातून कोंबड्याच्या मानेची पिसं,
मंगळदासमधून जर, रेशीम,
आणि वरच्या मजल्यावरच्या बोक्याच्या पोटाचे केस,
ते कसे मिळवतो ते त्याच्या मालकिणीला सांगू नका.
काम करताना पंखा बंद. पिसं उडतात.
मे महिन्यात घाम भिंगावर पडतो,
पुसायचा आणि परत पहिला वेढा.

नदीवर लोभूराम आहे. तो शहरी माणसांना घेऊन जातो,
पहाटे, दोन तासांची चढण, वाटेत बोलायचं नाही.
फोनवर सांगतो,
गिऱ्हाइकाच्या हाताआधी त्याचं पाऊल शिकवावं लागतं.
सावली पाण्यावर पडू द्यायची नाही.
त्या काळ्या दगडामागे, पाणी जिथे थबकतं,
तिथे माशी अशी ठेवायची
जशी ती स्वतःच दमून बसली.

आणि मासा लागला की हात ओले करून
धरायचा, गळ काढायचा, सोडून द्यायचा.
हे मी मावरेवाल्या धनूबाईला सांगितलं.
ती कोयता धुता धुता थांबली.
सोडतात? मग एवढं लांब मरायला जातात कशाला?
माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाव किलो मांदेली घेतली.

एकदा लोभूरामनं कुरियरनं बाटली पाठवली.
स्पिरिटमध्ये खरा किडा.
भिंग डोळ्याला लावलं:
शेपट्या दोन, पंख काचेचे, आणि तोंड नाही.
दारूवाला म्हणाले, वर्षभर पाण्याखाली दगडाला धरून असते,
मग पंख फुटतात, आणि संध्याकाळी खलास.
खायला सवडच नाही, तोंड कशाला?
एका चावीत एवढंच चालणारं यंत्र
मी चाळीस वर्षांत उघडलं नव्हतं.
त्या दिवशी दुसरं काम केलं नाही.

पहिल्या डझनाला माशी शिंकलीच.
लोभूरामचा फोन: मासा वर आला,
बघितलं, परत गेला. पंख जाड झालेत.
मला राग आला. मग बरं वाटलं.
हल्ली इतक्या बारकाईनं
माझं काम कोण बघतं?

दारूवाला म्हणतात, चल ना एकदा.
गुडघे, म्हणतो मी. दुकान, म्हणतो.
पुडी मात्र गल्ल्यात आहे, नाण्यांच्या खाली.

आज चोवीस द्यायच्या आहेत. एकविसावी शिकंजात आहे.
पंखा बंद, भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ सांगतायत,
आणि कुठूनशी एक खरी माशी आली,
तपकीरवाल्याकडचीच असणार,
येऊन बसली शिकंजाच्या टोकाला,
हात चोळत.
सवयीनं पेपर उचलला.
मग भिंग लावलं
आणि तिचे पाय मोजू लागलो.